घरातील ऊर्जेची आगोट

मृग नक्षत्र लागण्याआधी कोकणात घरोघर आगोटीची गडबड असे. आगोट म्हणजे पावसाळ्याच्या चार महिन्यांची बेगमी. सुकलेली लाकडे, शेणी, नारळाची सोडणे पडवीत रचली जात. तांदूळ, डाळी, आमसुले, पापड, खारवलेली मासळी डब्यांत आणि मडक्यांत भरली जाई. रॉकेलचा डबा कोपऱ्यात भरून ठेवलेला असे. ‘ऊर्जा-स्वयंपूर्णता’ हा शब्द त्या वेळी कोणी उच्चारत नसे. पण वाट बंद झाली, बाजार भरला नाही, तरी चूल पेटली पाहिजे आणि दिवा लागला पाहिजे, हा हिशेब घरातल्या बायांना तोंडपाठ असे.

३ जून २०२० रोजी, म्हणजे मृगाच्या तोंडावरच, ‘निसर्ग’ चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आदळले. ताशी ११० ते १२० किलोमीटर वेगाच्या वाऱ्याने नारळी-पोफळीच्या बागा झोपवल्या, घरांची कौले आणि पत्रे उडवले आणि विजेचे हजारो खांब आडवे केले. रायगड आणि रत्नागिरी जिल्ह्यांतील कित्येक गावे त्यानंतर कित्येक दिवस, काही तर आठवडेच्या आठवडे, अंधारात होती.

त्याच वर्षी दिवाळीच्या सुमारास आम्ही दापोली तालुक्यातील एका शिक्षकांच्या घरी गेलो होतो. घराच्या गच्चीवर सौर पॅनेल होती. वादळात ती शाबूत राहिली. चौथ्या दिवशी आभाळ उघडले, लख्ख ऊन पडले. पण घरात एक दिवा लागेना. मोबाईल बंद, पंप बंद, फ्रीज बंद आणि फ्रीजमध्ये आजींचे इन्सुलिन. “वर्षभर बिल शून्य येत होते. आम्हांला वाटायचे, आपण विजेच्या बाबतीत स्वयंपूर्ण झालो,” सर सांगत होते. आजी मात्र निराळेच बोलत होत्या : “वीज गेली ती गेली रे, पण बावेवरचा रहाट तू मोडीत घातलास, त्याचे काय? पाणी दिसत होते आणि काढता येत नव्हते!”

या दोन वाक्यांत आपल्या आजच्या विषयाचे सार आहे. घर ऊर्जेच्या बाबतीत स्वयंपूर्ण करायचे, कठीण दिवसांसाठी सिद्ध ठेवायचे, म्हणजे नेमके काय करायचे? हा प्रश्न पैशांचा आहेच; पण त्याआधी तो सातवी-आठवीच्या विज्ञानाचा आणि गणिताचा आहे.

बिल शून्य, तरी अंधार

सरांच्या पॅनेलमध्ये बिघाड नव्हता. छपरावरच्या बहुतेक सौर यंत्रणा वीजजाळ्याला जोडलेल्या असतात. दिवसा तयार होणारी जास्तीची वीज नेट मीटरमधून बाहेर जाते, रात्री लागणारी वीज बाहेरून आत येते आणि महिन्याअखेर वजाबाकी होते. घरात साठवण काहीच नसते. बँकेत पैसे ठेवावेत तशी ही व्यवस्था आहे. खात्यावर शिल्लक कितीही असली, तरी बँकेचे दार बंद असेल तर हातात दमडी येत नाही.

अशा यंत्रणेतील इन्व्हर्टर पॅनेलच्या दिष्ट धारेचे प्रत्यावर्ती धारेत रूपांतर करतो. ते करताना तो बाहेरच्या विजेची लय पकडून, म्हणजे सेकंदाला ५० आवर्तने, तिच्याशी जुळवून घेतो. बाहेरची वीज गेली की ती लय हरपते आणि इन्व्हर्टर दोन सेकंदांच्या आत स्वतःहून थांबतो. असे मुद्दाम केलेले आहे. समजा तो थांबला नसता, तर घराघरांतील वीज तुटलेल्या तारांमध्ये शिरली असती आणि ‘लाईन बंद आहे’ अशा समजुतीने खांबावर चढलेल्या लाईनमनचा जीव गेला असता.

२०२४ मध्ये केंद्र सरकारची ‘पीएम सूर्यघर’ योजना सुरू झाल्यापासून अनेक घरांवर पॅनेल दिसू लागली आहेत. ही गोष्ट चांगलीच आहे. पण आपली यंत्रणा घटमाला असलेली आहे की नाही, आणि बाहेरची वीज गेल्यावर घरापुरती चालू राहणारा, ज्याला बाजारात हायब्रिड म्हणतात तसा, इन्व्हर्टर तिला आहे की नाही, हे प्रत्येकाने विचारून घ्यायला हवे. नसेल, तर वर्षाचे बिल भागवण्यासाठी ती उत्तम आहे. वादळाच्या रात्रीसाठी नाही.

दोन याद्या

आता हिशेबाकडे वळू. शक्ती आणि ऊर्जा या दोन राशींमध्ये विद्यार्थ्यांची नेहमी गल्लत होते. नळाची धार किती मोठी, ही झाली शक्ती; बादलीत किती पाणी जमले, ही झाली ऊर्जा. शक्ती वॅटमध्ये मोजतात. १००० वॅटचे उपकरण एक तास चालले की एक युनिट, म्हणजेच एक किलोवॅट-तास, म्हणजेच ३६ लाख ज्यूल ऊर्जा खर्च होते.

महिन्याला १२० युनिटे वापरणारे घर घेऊ. रोजची झाली ४ युनिटे. ही नेहमीच्या दिवसांची यादी. पण कठीण दिवसांची यादी वेगळी असते. तिच्यात ‘काय हवेसे वाटते’ हे न लिहिता ‘कशावाचून अडते’ एवढेच लिहायचे. एका कुटुंबासाठी ती अशी होईल :

९ वॅटचे चार एलईडी दिवे, रोज चार तास : १४४ वॅट-तास.
तीन मोबाईल भरणे, प्रत्येकी २५ वॅट-तास : ७५ वॅट-तास.
लहान रेडिओ, दिवसभरात मिळून : १० वॅट-तास.
दोन पंखे, रात्री आठ तास. पंखे ७५ वॅटचे जुने असतील तर १२०० वॅट-तास. ३० वॅटचे नवे, बीएलडीसी मोटरचे असतील तर ४८० वॅट-तास.

नव्या पंख्यांसह बेरीज होते ७०९ वॅट-तास, म्हणजे साधारण ०.७ युनिट. जुन्या पंख्यांसह हीच बेरीज १४२९, म्हणजे दुप्पट. दिव्यांचेही तसेच. जुन्या ६० वॅटच्या बल्बइतका उजेड ९ वॅटचा एलईडी देतो. यावरून पहिला नियम मिळतो : आधी गरज उतरवा, मग साठवण घ्या आणि शेवटी उगम शोधा. बाजार आपल्याला नेमका उलट क्रमाने नेतो. तो आधी पॅनेल विकतो.

रेडिओचे १० वॅट-तास पाहून हसू येईल. पण वादळानंतर मोबाईलचे मनोरेही मुके होतात. त्या वेळी हवामानाचा इशारा ऐकायला सेलवर चालणारा रेडिओच उरतो.

एका घटमालेत किती मावते?

घरच्या इन्व्हर्टरला जोडलेली शिसे-आम्ल घटमाला सर्वांच्या परिचयाची आहे. तिचे तत्त्व गास्ताँ प्लान्ते या फ्रेंच शास्त्रज्ञाने १८५९ मध्ये शोधले. तिच्यावर ‘१२ व्होल्ट, १५० अँपिअर-तास’ असे लिहिलेले असते. गुणाकार केला की १८०० वॅट-तास मिळतात. मग आपण म्हणू, आपली ०.७ युनिटाची गरज अडीच दिवस भागेल!

तसे होत नाही. शिसे-आम्ल घटमाला पूर्ण रिकामी केली की तिचे आयुष्य झपाट्याने घटते. निम्म्याच्या खाली ती जाऊ देऊ नये. उरले ९०० वॅट-तास. इन्व्हर्टरमध्ये सुमारे १५ टक्के ऊर्जा उष्णता होऊन जाते. हाती आले ७६५ वॅट-तास. म्हणजे नवे पंखे असलेल्या घराला एक दिवस आणि जुने पंखे असलेल्याला जेमतेम अर्धा दिवस. लिथियम-आयर्न-फॉस्फेट प्रकारची घटमाला ८० ते ९० टक्क्यांपर्यंत वापरता येते आणि अधिक वर्षे टिकते. पण तिची किंमत अधिक असते.

आता ही घटमाला रोज भरायला किती पॅनेल लागेल? ०.७ युनिट मिळवायला घटमालेतून सुमारे ०.८ युनिट काढावे लागते. आणि भरताना होणारी गळती धरली, तर पॅनेलने रोज सुमारे एक युनिट द्यायला हवे. आपल्याकडे स्वच्छ उन्हाच्या दिवशी एक किलोवॅटची पॅनेल साधारण चार युनिटे देतात. म्हणजे २५० वॅटचे एक पॅनेल पुरेल.

पण इथे कोकणातल्या माणसाने थांबावे. आपले कठीण दिवस येतात केव्हा? बहुधा पावसाळ्यात! दाट ढगांच्या दिवशी तेच एक किलोवॅटचे पॅनेल एखादेच युनिट देते, कधी तेवढेही देत नाही. म्हणून मे महिन्याच्या उन्हावर केलेला हिशेब जूनमध्ये फसतो. आडाखा बांधायचा तो सर्वांत वाईट आठवड्यावर. चौपट पॅनेल घ्या, किंवा यादी आणखी आखडून पंखा एकच ठेवा. दोन्हीही उत्तरे बरोबर आहेत. कोणते परवडते, ते घराने ठरवायचे.

सगळे विजेतच का साठवायचे?

आतापर्यंत आपण स्वयंपाक, पाणी आणि थंडावा यांना यादीबाहेर ठेवले. ते मुद्दामच. घरगुती गॅसच्या सिलिंडरमध्ये १४.२ किलो गॅस असतो आणि एक किलो जळताना सुमारे ११,००० किलोकॅलरी उष्णता मिळते. एक युनिट म्हणजे ८६० किलोकॅलरी. भागाकार करून पाहा : एका सिलिंडरमध्ये सुमारे १८० युनिटे उष्णता भरलेली आहे! आपली १५० अँपिअर-तासाची घटमाला जेमतेम पाऊण युनिट देत होती. तो सिलिंडर ४५ दिवस पुरला, तर चुलीचा रोजचा खर्च चार युनिटांचा झाला. दिवे-पंख्यांच्या यादीच्या पाच-सहापट. स्वयंपाक घटमालेवर करायचा म्हटले, तर साध्या घराचे कंबरडे मोडेल.

यावरून दुसरा नियम : जी ऊर्जा ज्या रूपात लागणार, ती शक्यतो त्याच रूपात साठवावी. विजेवाचून जे होतच नाही, उजेड, वारा, संदेश, तेवढ्यासाठीच घटमाला राखावी.

पाणी घ्या. १००० लिटर पाणी ६ मीटर उंचीवर चढवण्याचे कार्य वस्तुमान, गुरुत्वत्वरण आणि उंची यांच्या गुणाकाराइतके, म्हणजे ५८,८०० ज्यूल. युनिटाच्या हिशेबात फक्त ०.०१६! पंपातली गळती धरून तिप्पट-चौपट म्हणा, तरी क्षुल्लकच. मग अडचण कुठे येते? शक्तीत. अर्ध्या अश्वशक्तीची मोटर सुरू होताना क्षणभर नेहमीच्या कित्येक पट धारा ओढते आणि घरातला लहान इन्व्हर्टर ती देऊ शकत नाही. ऊर्जा थोडी, शक्ती फार, याचे हे नामी उदाहरण आहे. उपाय सोपा आहे. वादळाचा इशारा मिळताच टाकी, पिंपे, हंडे भरून घ्यावेत. उंचावरची भरलेली टाकी ही पाण्याची घटमालाच. तिच्या नळाला वीज लागत नाही. आणि विहिरीवर कप्पी, दोर आणि पोहरा कायम असावा. आजींचे म्हणणे शास्त्रशुद्ध होते.

उष्णता घ्या. एक लिटर पाणी २५ अंशांपासून १०० अंशांपर्यंत तापवायला ७५ किलोकॅलरी लागतात. तेच एक लिटर पाणी उकळून आटवायला ५४० किलोकॅलरी, म्हणजे सातपटींहून अधिक. हा बाष्पीभवनाचा अप्रकट उष्मा. भांडे खळखळा उकळत ठेवतो, तेव्हा आपण बहुतेक गॅस वाफ करण्यात घालवतो. उकळण्याने तापमान वाढत नाही. आणि अन्न शिजायला हवे असते ते तापमान, वाफ नव्हे. म्हणून प्रेशर कुकर गॅस वाचवतो. त्याच तत्त्वावर उष्णतारोधक पेटी करता येते. लाकडी खोक्यात किंवा मोठ्या टोपलीत गवत, भाताचा पेंढा अथवा जुन्या गोधड्या गच्च भराव्यात आणि मध्ये भांड्यापुरती जागा ठेवावी. भात किंवा भिजवलेली डाळ दहा मिनिटे उकळून, झाकण न काढता भांडे आत ठेवावे आणि वरून उशीने झाकावे. तास-दीड तासात भात होतो. डाळीला जास्त वेळ लागतो. राजम्यासारखी मोठी कडधान्ये मात्र रात्रभर भिजवून, ते पाणी टाकून, आधी पंधरा मिनिटे तरी खळखळून उकळलीच पाहिजेत. पेटीतले अन्न कोमट होईपर्यंत ठेवू नये. गरम असतानाच वाढावे.

इंधनाचाही दुसरा मार्ग हवा. आपला देश स्वयंपाकाच्या गॅसपैकी निम्म्याहून अधिक परदेशातून आणतो. शिवाय घाटात दरड कोसळली तरी गाडी अडते. गुरे असतील तर सुमारे २५ किलो शेणापासून एक घनमीटर बायोगॅस मिळतो आणि तो साधारण ०.४३ किलो सिलिंडरच्या गॅसइतके काम करतो. वरच्या कुटुंबाला रोज ०.३२ किलो लागत होता. म्हणजे दोन-तीन जनावरे पुरेत. गुरे नसतील तर पुण्याच्या ‘आरती’ या संस्थेत डॉ. आनंद कर्वे यांनी विकसित केलेले, खरकट्यावर आणि पिठूळ टाकाऊ पदार्थांवर चालणारे लहान संयंत्र पाहण्यासारखे आहे. त्याला २००६ मध्ये अ‍ॅशडेन पुरस्कार मिळाला. आणि काहीच नसेल तर पडवीत आठ-दहा दिवसांची सुकी लाकडे तरी हवीतच. साध्या चुलीत लाकडातली जेमतेम दहावा हिस्सा उष्णता भांड्याला मिळते. लाकूड ओले असेल तर त्याहूनही कमी, कारण तीच उष्णता आधी लाकडातले पाणी आटवते.

थंडाव्याचेही तेच. एक किलो बर्फ वितळताना ८० किलोकॅलरी शोषून घेतो. इशारा मिळाल्यावर फ्रीजमध्ये पाच लिटर पाणी बाटल्यांत गोठवून ठेवले, तर जवळजवळ अर्ध्या युनिटाचा थंडावा साठतो. तो फ्रीजचे दार न उघडता किंवा थर्मासच्या डब्यात जपून वापरावा. इन्सुलिन मात्र बर्फाला टेकवून ठेवू नये. गोठलेले इन्सुलिन निकामी होते. वापरात असलेली बाटली बहुधा काही आठवडे खोलीच्या तापमानाला, उन्हापासून दूर ठेवली तरी चालते; पण आपल्या औषधाचे नेमके काय, हे डॉक्टरांना आधीच विचारून लिहून ठेवावे. ओल्या मडक्यातला गारवा देशावर उन्हाळ्यात उपयोगी पडतो. कोकणातल्या दमट हवेत बाष्पीभवनच मंदावते, त्यामुळे तिथे त्याचा भरवसा धरता येत नाही.

जिवावर बेतणाऱ्या चुका

कठीण दिवसांत घाईने केलेल्या गोष्टी वादळापेक्षाही घातक ठरतात. तीन गोष्टी विद्यार्थ्यांना आवर्जून सांगाव्यात.

जनरेटर घरात, पडवीत किंवा खिडकीखाली कधीही चालवू नये. बंद खोलीत कोळशाची शेगडीही ठेवू नये. कार्बन मोनॉक्साईडला वास नसतो आणि झोपलेला माणूस उठत नाही.

जनरेटरची वायर घरातल्या प्लगमध्ये खुपसून घर उजळवू नये. ती वीज मीटरमधून उलटी बाहेर जाते, डीपीत तिचा दाब वाढतो आणि खांबावरचा लाईनमन मरतो. बाहेरची वीज आणि घरची वीज एकत्र येऊच शकणार नाहीत, असा चेंजओव्हर स्विच जाणकार वायरमनकडून बसवून घ्यावा.

शिसे-आम्ल घटमाला भरताना हायड्रोजन सुटतो. ती हवेशीर जागी ठेवावी, जवळ ज्योत नेऊ नये आणि ऊर्ध्वपातित पाण्याची पातळी महिन्यातून एकदा पाहावी. वर्षभर विसरलेली घटमाला नेमकी हवी तेव्हा दगा देते.

पुढची आगोट

दापोलीच्या त्या सरांनी फार मोठा खर्च केला नाही. जुनी पॅनेल तशीच ठेवून एक २५० वॅटचे वेगळे पॅनेल आणि एक घटमाला घेतली. चार दिवे आणि एका पंख्याची तार त्यावर टाकली. बावेवर कप्पी बसवली. माळ्यावर लाकडे रचली. मे २०२१ मध्ये ‘तौक्ते’ चक्रीवादळ किनाऱ्याजवळून उत्तरेला गेले, तेव्हा पुन्हा वीज गेली. सरांनी फोनवर सांगितले, “या वेळी शेजारच्या चार घरांचे मोबाईल आमच्याकडे भरले आणि पाण्याला सगळी आळी आमच्या बावेवर होती.” स्वयंपूर्ण घराचा हाही एक गुण लक्षात घेण्यासारखा आहे. अडचणीत त्याला इतरांकडे धावावे लागत नाही, म्हणूनच ते इतरांच्या उपयोगी पडते.

शिक्षकांना सुचवावेसे वाटते की, मे महिन्याच्या सुट्टीआधी आठवी-नववीच्या वर्गाला एक गृहपाठ द्यावा. प्रत्येकाने घरातील उपकरणांवरचे वॅट वाचून दोन याद्या कराव्यात, नेहमीच्या दिवसांची आणि अडीच्या दिवसांची. घरात वयस्कर, आजारी किंवा तान्हे मूल असेल तर दुसऱ्या यादीत त्यांच्या गरजा सर्वांत वर लिहाव्यात. मग एका संध्याकाळी, घरातल्यांच्या संमतीने, मुख्य स्विच चार तास बंद करावा आणि यादीत काय राहून गेले ते टिपावे. जोडीला वर्गात दोन सारखी भांडी उकळत्या पाण्याने भरून एक उघडे व एक गोधडीत गुंडाळून ठेवावे आणि दर पंधरा मिनिटांनी तापमापकाने नोंद घेऊन आलेख काढावा.

काय काय राहून गेले, याची वर्गात एकत्र यादी केली, तर गावाच्या आगोटीचा कच्चा आराखडाच तयार होईल. तो ग्रामपंचायतीला नेऊन द्यायलाही हरकत नाही.